चौथीपर्यंत मराठी, पुढे काय?

(पेडणे तालुक्यातील मराठीप्रेमींच्या मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी राहून गेलेला भाग वाचकांसाठी भरून घेतला आहे.)

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘गोमंतकातील मराठी शाळांचा इतिहास’. हा विषय निघाला की आपला वक्ता उठतो तो थेट फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणापाशी जाऊन उभा राहतो. १६१६ साली रायतूरला छापलेला तो ग्रंथ, त्यातली ती मराठी, मग आपले सोहिरोबानाथ, मग टाळ्या. या साऱ्याचा मलाही अभिमान आहे. परंतु ग्रंथ ही एक गोष्ट आणि शाळा ही दुसरी. ग्रंथ एकट्या माणसाने लिहिला तरी चालतो. शाळा चालवायला गाव लागतो. म्हणून मी ग्रंथांविषयी बोलणार नाही. शाळेविषयी बोलेन, आणि त्यातही एकाच इयत्तेविषयी. ती इयत्ता म्हणजे पाचवी. पाचवीच का, ते पुढे ध्यानात येईल.

माझे वडील शिकले ते एका ओसरीवर. गावातल्या खात्यापित्या घराची शेणाने सारवलेली ओसरी, हीच शाळा. मास्तर वाडीकडचे. त्यांचा पगार म्हणजे सुगीला भात, चतुर्थीला नारळ आणि पाळीपाळीने घरोघरचे जेवण. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचे आणि तळहाताने पुसायचे. पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ. मोडीचा कित्ता. आणि दिवस कलला की ‘रामविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ मोठ्याने वाचायचा सराव, कारण श्रावणात देवळात पोथी लावायला मुलगा तयार व्हायला हवा. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत अशा शाळा कुणाच्या ओसरीवर, कुठे देवळाच्या अग्रशाळेत भरत. सरकारदरबारी त्यांची नोंद असो वा नसो, गावाच्या लेखी ती शाळा होती.

हे आपल्याकडेच का टिकले? तिसवाडी, बारदेस आणि सासष्टी हे तालुके फिरंग्यांच्या हाती सोळाव्या शतकात गेले. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले, की तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. तीन वर्षांत भाषा बदलण्याचा हुकूम काढणारा राज्यकर्ता किती शहाणा असेल ते सांगायला नको. पण अशा हुकुमांच्या छायेत तिथे देशी शाळा कुठली टिकणार? आपण नव्या काबिजादीतले. डिचोली आणि सत्तरी अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात गेली, पेडणे १७८८ साली. तोवर आपली उजळणी, आपली मोडी, आपले जमाखर्च वाडीच्या राज्यात मराठीतच चालले होते. राज्य बदलले, ओसरी तशीच राहिली.

राज्यकर्त्यांना मराठीचे वावडे होते असेही नाही. त्यांना ती लागत होती, पण दुभाष्यापुरती. सूर्याजी आनंदराव यांचा पोर्तुगीज-मराठी शब्दकोश १८७९ साली प्रसिद्ध झाला. त्यामागचे कष्ट थोर आहेत. मात्र सरकारला अशा कोशाचा उपयोग असतो तो रयतेचा अर्ज समजून घेण्यासाठी. रयतेच्या मुलाने त्याच भाषेत शास्त्र शिकावे, वकील व्हावे, ही कल्पना त्या चौकटीत बसणारी नव्हती.

यानंतरची हकिगत आपल्याला अभिमानाची आहे. १९०८ साली पणजीत मुष्टिफंड स्थापन झाला. नावातच सगळे आले. घरच्या बाईने रोजचे तांदूळ चुलीवर चढवण्यापूर्वी एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची. ते तांदूळ गोळा करायचे आणि त्यांवर मराठी शाळा चालवायची. वाचकहो, पैसेवाल्याने देणगी दिली तर त्याचे नाव भिंतीवर लागते. या शाळेची पहिली देणगीदार ज्या बायका, त्यांतल्या किती जणींना स्वतःचे नाव लिहिता येत असेल? १९१० साली पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, धर्मावरून होणारा भेद कायद्याने उठला, आणि हिंदू समाजाला संस्था काढायला मोकळीक मिळाली. मडगावला, म्हापशाला, फोंड्याकडे शाळा उभ्या राहिल्या.

पण या साऱ्या इमारतीला एकच मजला होता.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या गौरवाच्या भाषणांतून नेमके हेच निसटते. मराठी शाळा होती ती प्राथमिक. त्याच्या वर काय? पणजीला लिसेव होते, १८५४ सालापासूनचे. तिथे शिक्षण पोर्तुगीजमधून. त्यासाठी आधी सरकारी इश्कोलात प्रिमेर ग्राव, सेगुंद ग्राव करायला हवे. इंग्रजी हायस्कुले होती. पहिले हडफड्याला १८८७ साली निघाले. ती मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला मुले बसवीत, कारण गोव्याच्या माणसाचे पोट मुंबईवर होते. पोर्तुगीजचा मजला होता, इंग्रजीचा होता. मराठीचा जिना मात्र चौथीच्या पायरीवर संपत होता, आणि पुढे उघडे आकाश.

काही असामान्य माणसे त्या आकाशातूनही चढली. सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर पाहा. १८९४ साली खेड्यात जन्मलेला हा माणूस पोर्तुगीज आत्मसात करून सरकारी दफ्तरखान्याचा प्रमुख झाला आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास त्याने मूळ कागदांवरून उभा केला. पण पिसुर्लेकर शंभरात एक निघतो. उरलेल्या नव्व्याण्णवांचे काय, हे शिक्षकाने विचारायचे असते.

पेडण्याच्या मुलाला तीन वाटा होत्या. लिसेवची, म्हणजे पैशाची. शापोरा ओलांडून म्हापशाच्या इंग्रजी शाळेची. आणि तिसरी, सीमा ओलांडून सावंतवाडीची. आमच्या घराने तिसरी धरली. माझा थोरला भाऊ तोरसे-पत्रादेवीच्या वाटेने बांद्याला आणि तिथून वाडीला गेला. एका नातलगाकडे राहायचा, वार लावून जेवायचा. १९५५ चा ऑगस्ट आला. पंधरा तारखेला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी आवळली होतीच, त्यानंतर सीमा पुरती मिटली. त्या वर्षी भाऊ चतुर्थीला घरी आला नाही. आईने त्याच्या नावाचे पान वाढून ठेवले होते, ते मला आठवते. मी सहा वर्षांचा होतो. आपल्याच भाषेत सहावी-सातवी शिकण्यासाठी मुलाने परदेशात जायचे आणि तो परदेश घरापासून दिवसभराच्या चालीवर, असा तो काळ.

आता मी तुम्हाला फार लांब नेणार आहे, कॅनडात. मेळाव्यात इथे थोडी चुळबुळ झाली होती; पेडण्याच्या सभेत कॅनडा कशाला? तर आपल्यासारखेच दुखणे दुसऱ्या घरात कसे हाताळले ते पाहिले म्हणजे आपले नीट कळते.

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात जॉर्जियन उपसागराच्या काठी पेनेटँग्विशिन नावाचे छोटे गाव आहे. १८२८ च्या सुमारास ड्रमंड बेटावरून उठलेली फ्रेंच बोलणारी होडीवाली, कातडीच्या व्यापारातली माणसे तिथे वसली. सभोवार सगळा इंग्रजी मुलूख. त्या प्रांतात १९१२ साली सतरा क्रमांकाचा नियम निघाला: फ्रेंचमधून शिकवायचे ते शाळेच्या पहिल्या दोन वर्षांपुरते, पुढे इंग्रजी. लोकांनी तो मानला नाही. १९१६ साली ओटावाच्या गीग शाळेत दोन बहिणी शिक्षिका होत्या. त्यांना हटवू नये म्हणून मुलांच्या आया टोपीला लावायच्या लांब टाचण्या हातात घेऊन दारात पहाऱ्याला बसल्या. इकडे मुठीतले तांदूळ, तिकडे टोपीची टाचणी. बायकांनी हाताशी होते ते उचलले. १९२७ साली सरकारने तो नियम गुंडाळून ठेवला.

तरी मजला एकच राहिला! प्राथमिक फ्रेंच शाळा टिकल्या. सरकारी खर्चाने फ्रेंच हायस्कुले काढण्याची वाट कायद्याने मोकळी झाली ती १९६८ साली. पेनेटँग्विशिनमध्ये हायस्कुलात काही विषय फ्रेंचमधून मिळत, पण शाळा इंग्रजीची. पालकांनी वेगळे फ्रेंच हायस्कूल मागितले. शिक्षण मंडळात बहुमत इंग्रजांचे; ते नाही म्हणाले. तेव्हा १९७९ च्या सप्टेंबरात पालकांनी आणि मुलांनी आपले हायस्कूल स्वतःच सुरू केले, सरकारी मान्यता नसताना. त्याला प्रतिकाराची शाळा हेच नाव पडले. १९८० च्या एप्रिलमध्ये प्रांत सरकार नमले. १९८२ साली ‘ल कारों’ या नावाने त्यांचे हायस्कूल आपल्या इमारतीत गेले. योगायोग असा, की त्याच १९८२ साली कॅनडाच्या नव्या सनदेत अल्पसंख्य भाषिकांच्या शिक्षणाचा हक्क लिहिला गेला, आणि त्यात प्राथमिकच्या बरोबरीने माध्यमिक शिक्षण आहे. अट एवढीच, की मुलांची संख्या पुरेशी असावी.

फ्रेंच लोक शाळेला ‘एकोल’ म्हणतात. आमचे म्हातारे ‘इश्कोल’ म्हणत. दोन्ही शब्द एकाच लॅटिन घरातले.

आपल्या राज्यघटनेत काय आहे? १९५६ साली घातलेले ३५० क हे कलम म्हणते, की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा राज्याने प्रयत्न करावा. कुठपर्यंत? प्राथमिक पायरीपर्यंत. मला ठाऊक आहे, ‘अल्पसंख्य’ हा शब्द ऐकताच तुमच्यापैकी कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पेडण्यात आणि डिचोलीत, जिथे कीर्तन, नाटक, लग्नपत्रिका आणि वर्तमानपत्र मराठी, तिथे आम्ही अल्पसंख्य कसे? तुमचा राग मला पटतो. पण १९८७ चा राजभाषा कायदा झाला, त्यात राजभाषा देवनागरी कोकणी आणि मराठीला वापराची मुभा अशी मांडणी आहे. संख्येने तुम्ही कितीही असा, कागदावर जे स्थान आहे तिथूनच पाऊल टाकावे लागते.

आता मुक्तीनंतरचे बोलू. १९ डिसेंबर १९६१ ला मी ओसरीवरच्या शाळेत होतो. दोन वर्षांनी भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आपल्या पेडण्यातच जन्मलेले. गावोगाव, वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा निघाल्या. ओसरी सुटली, छप्पर आले, पाटी-पुस्तके आली, आणि ज्या घरांना ओसरीच्या पायरीवरही बसू दिले जात नव्हते त्या घरांची मुले वर्गात बसली. हे काम किती मोठे होते ते ज्याने आधीचे पाहिले त्यालाच कळेल. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आपल्या बाजूने लागला नाही. विलीनीकरणाला १,३८,१७० मते, विरुद्ध १,७२,१९१. पेडणे-डिचोली-सत्तरीचा कल कुठे होता ते सर्वांना माहीत आहे. पण कौल हरल्यानंतरही १९७९ पर्यंत राज्य आपल्याच माणसांचे होते. त्या वर्षांत प्राथमिकचा पाया भरला गेला. वरचा मजला? आरंभी काही हायस्कुलांत मराठी माध्यमाचे वर्ग होते. ते हळूहळू आटले. फलकावर देवीचे किंवा संताचे नाव, प्रार्थना मराठी, शिपाई मराठी, आणि फळ्यावर इंग्रजी. याचा दोष मी परक्यावर कसा टाकू? आपण कौलाची आकडेवारी तोंडपाठ केली आणि पाचवीचे माध्यम कधी बदलले ते पाहिलेच नाही.

त्या पाचवीत मी तीस वर्षांहून अधिक काळ मराठी शिकवले. मराठी विषय, आठवड्यातून काही तास. कधी गणिताचा मास्तर रजेवर असला की तो तासही घेई. तेव्हा पाहिलेले सांगतो.

वाड्यावरून एक मुलगा आला होता. चौथीत पहिला. घरी कलमे बांधायचा धंदा, त्यामुळे हात मोठ्या माणसासारखा चाले. पहिल्या आठवड्यात फळ्यावर ‘फ्रॅक्शन’ लिहिले होते. त्याला अपूर्णांक येत होते, नुसते येत नव्हते तर पावकी-निमकीसकट येत होते, घरच्या आजोबांनी शिकवलेली. पण ‘फ्रॅक्शन’ म्हणजे तेच, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. पंधरा दिवस तो गप्प. मी बदलीच्या तासाला गेलो आणि मराठीतून विचारले तेव्हा त्याने इतक्या झरझर उत्तरे दिली की वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी नेहमीचे मास्तर आले आणि तो पुन्हा गप्प झाला. विज्ञानात झाडाच्या भागांची इंग्रजी नावे पाठ करायची होती. सालीखालचा कोवळा थर कुठे असतो, तो बोटाने दाखवू शकणारा त्या वर्गातला तो एकटा. परीक्षेत त्याला त्यावर शून्य. आठवीत त्याने शाळा सोडली.

त्याची बुद्धी कमी नव्हती, गरिबीही फार नव्हती. चौथीपर्यंत भरलेले कोठार पाचवीच्या दारात बाहेर ठेवून यायला सांगितले गेले, इतकेच. जी मुले निभावतात ती घरात इंग्रजी असलेली, किंवा शिकवणी लावू शकणारी. बाकीची पाठांतरावर जगतात. आणि हे पालकांच्या डोळ्यांसमोर घडते, तेव्हा पालक काय करणार? पाचवीत इंग्रजी येणारच आहे तर पहिलीपासूनच का नको, असा हिशेब ते करतात. हिशेब चुकीचा नाही. वरचा मजला नसला की माणसे खालचाही सोडतात, हे पेनेटँग्विशिनच्या पालकांना कळले होते.

आपण मात्र गेली पस्तीस वर्षे खालच्या मजल्यासाठीच भांडलो. १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरकारने ठरवले, की अनुदान प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांनाच मिळेल. २०११ साली ते धोरण फिरले आणि इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदानाची दारे उघडली. आपण मोर्चे काढले, ते योग्यच होते. पण त्या साऱ्या गदारोळात ‘पाचवी मराठीतून’ असा फलक मी एकदाही पाहिला नाही. दरम्यान पटसंख्येअभावी सरकारी मराठी शाळा एकामागून एक बंद होत गेल्या. इकडे डिचोलीच्या खाणी थांबल्या-चालल्या, तिकडे मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. नोकरी म्हणजे इंग्रजी हे समीकरण आणखी घट्ट झाले. २०२० चे नवे शैक्षणिक धोरण म्हणते, शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे. कागदावर इतकी अनुकूल ओळ आपल्याला यापूर्वी मिळाली नव्हती. ती हाती धरून सरकारच्या दारात कोण गेले?

मी मागतो ते थोडे आहे. पेडण्यात एक आणि डिचोलीत एक, अशी दोन हायस्कुले. पाचवी ते दहावी, गणित आणि विज्ञान मराठीतून, आणि इंग्रजी हा विषय असा पक्का की तिथला मुलगा कुणापुढे अडखळू नये. चांगले इंग्रजी शिकवणारा मास्तर हवा, हे मी मराठीचा मास्तर असून आग्रहाने सांगतो. इंग्रजीला शत्रू मानून काढलेली शाळा दोन वर्षांत ओस पडेल. विर्नोड्याला सोहिरोबानाथांच्या नावाचे सरकारी महाविद्यालय उभे आहे. खाली वाड्यावर शाळा आहे. मधला जिना तेवढा बांधायचा आहे.

भाषण इथवर आले तेव्हा मागच्या रांगेतून एका तरुणाने विचारले, “मास्तर, तुमची नात कुठल्या शाळेत जाते?”

सभेत हशा झाला नाही, उलट शांतता झाली. मी उत्तर दिले: इंग्रजी शाळेत. माझ्या मुलाने घातली. मी विरोध केला होता, पण तो म्हणाला, “बाबा, चौथीनंतर तिला कुठे घालू ते सांगा, मी आजच नाव काढतो.” माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

कॅनडातल्या त्या पालकांना आधी मुले मोजावी लागली, याद्या कराव्या लागल्या. आपणही त्या संध्याकाळी एक वही ठेवली. ज्यांचे मूल आज मराठी शाळेत तिसरी-चौथीत आहे आणि पाचवी मराठीतून मिळाली तर जे तिथेच ठेवतील, अशांनी नाव, गाव आणि मुलाची इयत्ता लिहायची. शंभर माणसांच्या सभेत अकरा नावे आली. त्यांतली सात बायकांची. वही माझ्याकडे आहे. ज्या वाचकांना नाव घालायचे आहे त्यांनी या पत्राच्या कचेरीत कळवावे, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. मुलाशीही बोललो आहे. तो अजून विचार करतो आहे.